समुद्र जिंकणारा घड्याळजी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातील एखादी जुनी पेटी किंवा कपाटाचा खण उघडून पाहा. कदाचित तिथे तुमच्या आजोबांचे चावीचे मनगटी घड्याळ सापडेल. त्याचा पट्टा तुटलेला असेल, काच धूसर झाली असेल आणि काटे कुठल्या तरी वेळेवर थांबलेले असतील. घरातील माणसे ते बंद पडलेले घड्याळ म्हणून विसरून गेलेली असतात. पण अशी बरीचशी घड्याळे मेलेली नसतात. त्यांची फक्त देखभाल झालेली नसते.

असे घड्याळ घेऊन तुम्ही बार्शीटाकळीच्या बाजारात किंवा अकोल्याला जुन्या घड्याळजीकडे गेलात, तर तो काय करतो, ते नीट पाहा. आपण उर्दूत त्याला घडीसाज म्हणतो. तो डोळ्याला भिंग लावतो, मागचे झाकण उघडतो आणि बारीक चिमट्याने एकेक भाग सुटा करतो. घड्याळाच्या पोटात तुम्हाला पितळेची दातेरी चाके, लहान लहान लाल खडे आणि केसासारखी बारीक कमान दिसेल. आज ज्या माणसाचे चरित्र तुम्ही वाचणार आहात, त्याचे सारे आयुष्य अशाच चाकांत आणि कमानींत गेले. त्याने केलेल्या घड्याळामुळे हजारो खलाशांचे प्राण वाचले. त्याचे नाव जॉन हॅरिसन.

जॉनचा जन्म १६९३ साली इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील फाउल्बी या लहान गावी झाला. त्याचे वडील सुतार होते. जॉन लहान असतानाच हे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो नावाच्या गावी राहायला गेले. जॉनला मोठ्या शाळेत जाता आले नाही. तो वडिलांच्या हाताखाली रंधा आणि पटाशी चालवायला शिकला. असे सांगतात, की सहा वर्षांचा असताना तो देवीच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. तेव्हा त्याचे मन रमावे म्हणून कोणीतरी त्याच्या उशाशी एक खिशातले घड्याळ ठेवले. तासन् तास तो त्याची टिकटिक ऐकत राही. ही गोष्ट खरी असो वा नसो, वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १७१३ साली, त्याने स्वतःचे पहिले मोठे घड्याळ तयार केले, हे मात्र खरे आहे. गंमत म्हणजे त्या घड्याळाची चाके लाकडाची होती. सुताराच्या मुलाला लाकूडच सर्वांत चांगले कळत होते.

त्या काळच्या घड्याळांना एक मोठा रोग होता. तो रोग म्हणजे तेल. तुम्ही म्हणाल, तेलाने तर यंत्र सुरळीत चालते. ते खरेच आहे. पण त्या वेळचे तेल काही महिन्यांत घट्ट होई. त्यात धूळ मिसळून चिखलासारखा लगदा तयार होई. मग चाके जड चालत आणि घड्याळ मागे पडू लागे. हॅरिसन यांनी या प्रश्नाचा वेगळा विचार केला. चांगले तेल शोधण्यापेक्षा तेलाची गरजच लागणार नाही असे घड्याळ का करू नये, असे त्यांना वाटले. उष्ण प्रदेशात वाढणाऱ्या एका अतिशय कठीण झाडाच्या लाकडात मुळातच तेलकटपणा असतो. त्या लाकडाचे भाग त्यांनी घड्याळात जिथे घर्षण होते तिथे बसवले. १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्क येथील तबेल्यासाठी त्यांनी असे एक मोठे घड्याळ बनवले. ते घड्याळ तीनशे वर्षांनंतर आजही चालते आणि त्याला तेल घालावे लागत नाही.

दुसरी अडचण होती हवामानाची. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो. लंबकाची दांडी लांब होते आणि घड्याळ मागे पडते. हिवाळ्यात ती आखडते आणि घड्याळ पुढे जाते. हॅरिसन यांनी पितळ आणि पोलाद यांच्या दांड्या आळीपाळीने जोडून एक लंबक तयार केला. एका धातूचे वाढणे दुसऱ्या धातूच्या वाढण्याने भरून निघे आणि लंबकाची लांबी सारखीच राही. या कामात त्यांचा धाकटा भाऊ जेम्स त्यांच्यासोबत होता. खेड्यातल्या या दोन भावांची घड्याळे त्या काळच्या नामवंत कारागिरांच्या घड्याळांपेक्षाही अचूक चालत होती.

आता आपण समुद्राकडे वळू. जहाज समुद्रात कुठे आहे, हे सांगायला दोन गोष्टी लागतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढता येत असे. रेखांश मात्र काढता येत नसे. १७०७ साली इंग्लंडच्या आरमाराच्या चार युद्धनौका रात्रीच्या वेळी सिली बेटांजवळच्या खडकांवर आपटून बुडाल्या. हजाराहून अधिक खलाशी मरण पावले. आपण नेमके कुठे आहोत, हे त्यांना कळलेच नव्हते. पुढे १७१४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. जो कोणी समुद्रात अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश काढण्याची रीत दाखवील, त्याला २०,००० पौंड बक्षीस मिळेल, असे जाहीर झाले. त्या काळी ही फारच मोठी रक्कम होती.

रेखांशाचा आणि घड्याळाचा काय संबंध, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे उत्तर तुमच्या गावातच आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरायला तिला चार मिनिटे लागतात. आपल्या देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे. बार्शीटाकळी सुमारे सत्त्याहत्तर अंशांवर आहे. फरक झाला साडेपाच अंशांचा, म्हणजे २२ मिनिटांचा. म्हणूनच आपल्याकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला नसतो. वर्षाची सरासरी धरली, तर तो सुमारे १२ वाजून २२ मिनिटांनी माथ्यावर येतो. मशिदीत लावलेल्या नमाजाच्या वेळापत्रकात जवालची वेळ पाहा, म्हणजे ही गोष्ट तुमच्या लक्षात येईल.

आता हेच उलट करून पाहा. समजा, तुमच्याजवळ लंडनजवळच्या ग्रिनिचची वेळ दाखवणारे घड्याळ आहे. सूर्य तुमच्या माथ्यावर आला, तेव्हा त्या घड्याळाने सकाळचे ६ वाजून ५२ मिनिटे दाखवली. म्हणजे तुमच्या आणि ग्रिनिचच्या वेळेत ५ तास ८ मिनिटांचा फरक आहे. त्याची ३०८ मिनिटे झाली. त्यांना चाराने भागले की ७७ अंश येतात. म्हणजे तुम्ही ग्रिनिचच्या पूर्वेला ७७ अंशांवर उभे आहात. रीत इतकी सोपी आहे! फक्त घड्याळ खरे चालले पाहिजे. अर्धा अंश म्हणजे अवघी दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळ दिवसाला तीन सेकंद जरी चुकले, तरी बक्षीस हातचे जाणार होते. त्या काळी लंबकाची घड्याळे हेलकावणाऱ्या जहाजावर चालत नसत आणि खिशातली घड्याळे दिवसाला काही मिनिटेसुद्धा चुकत. न्यूटनसारख्या थोर शास्त्रज्ञालाही समुद्रावर असे घड्याळ चालेल याचा भरवसा वाटत नव्हता.

हॅरिसन यांनी हे काम अंगावर घेतले. १७३० साली ते लंडनला गेले. तिथे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी त्यांना जॉर्ज ग्रॅहम या प्रसिद्ध घड्याळजीकडे पाठवले. ग्रॅहम यांनी या अनोळखी खेडूत सुताराचे म्हणणे लक्ष देऊन ऐकले आणि कामासाठी पैसे उसने दिले. पाच वर्षांनी, १७३५ साली, हॅरिसन यांचे पहिले सागरी घड्याळ तयार झाले. त्याला आज एच-१ म्हणतात. त्याचे वजन सुमारे ३४ किलो होते. लंबकाऐवजी त्यात एकमेकांना जोडलेल्या दोन दांड्या झुलत होत्या. १७३६ साली हे घड्याळ जहाजातून लिस्बनला नेले. परतताना जहाजाच्या अधिकाऱ्यांना जो किनारा एक वाटला, तो दुसराच आहे, असे हॅरिसन यांनी घड्याळावरून सांगितले. त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

मित्रांनो, दुसरा एखादा माणूस असता तर त्याने लगेच बक्षीस मागितले असते. पण हॅरिसन यांनी मंडळासमोर आपल्याच घड्याळातील दोष दाखवले आणि याहून चांगले घड्याळ बनवण्यासाठी मदत मागितली. त्यांनी दुसरे घड्याळ बनवले. त्यातही त्यांना दोष सापडला. मग तिसरे हाती घेतले. या तिसऱ्या घड्याळावर त्यांनी १९ वर्षे घालवली. त्यात सातशेहून अधिक भाग होते. तापमान बदलल्यावर आपोआप वाकणारी दोन धातूंची पट्टी त्यांनी याच घड्याळासाठी शोधून काढली. तुमच्या घरच्या विजेच्या इस्त्रीत उष्णता ठरावीक ठेवण्यासाठी तशीच पट्टी वापरतात. मात्र एवढे कष्ट करूनही तिसरे घड्याळ त्यांच्या मनासारखे चालले नाही.

तेव्हा त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. वीस-पंचवीस वर्षांची वाट सोडून त्यांनी नवी वाट धरली. मोठ्या घड्याळापेक्षा लहान, वेगाने टिकटिकणारे घड्याळ जहाजाच्या धक्क्यांना चांगले तोंड देऊ शकते, हे त्यांच्या लक्षात आले होते. १७५९ साली त्यांचे चौथे घड्याळ, एच-४, तयार झाले. दिसायला ते खिशातल्या मोठ्या घड्याळासारखे होते. त्याची रुंदी १३ सेंटिमीटर आणि वजन दीड किलोच्या आत होते. त्यात माणकाचे खडे आणि हिऱ्याचे बारीक भाग बसवलेले होते. ते एका सेकंदात पाच ठोके देई. आजोबांच्या जुन्या मनगटी घड्याळाला कान लावा. तशा अनेक घड्याळांची चाल हीच असते, सेकंदाला पाच ठोके, म्हणजे तासाला १८,०००. शिवाय चावी देत असतानाही घड्याळ थांबू नये, अशी सोय हॅरिसन यांनी त्यात केली होती.

१७६१ च्या नोव्हेंबर महिन्यात हे घड्याळ जमैकाच्या प्रवासाला निघाले. हॅरिसन आता ६८ वर्षांचे झाले होते. म्हणून त्यांचा मुलगा विल्यम घड्याळासोबत गेला. ८१ दिवसांनंतर जमैकात तपासणी झाली. घड्याळाची रोजची ठरलेली चाल हिशेबात धरल्यावर सर्व मिळून फक्त पाच सेकंदांची चूक निघाली. आता तरी बक्षीस मिळेल असे सर्वांना वाटले. पण मंडळाने हा योगायोग असू शकतो असे ठरवून दुसरी परीक्षा मागितली. १७६४ साली घड्याळ बार्बाडोसला गेले. ४७ दिवसांत ३९ सेकंदांची चूक झाली. बक्षिसासाठी जेवढी अचूकता हवी होती, तिच्या तिप्पट अचूकता या घड्याळाने दाखवली.

तरीही पूर्ण बक्षीस मिळाले नाही. मंडळातील काही विद्वानांना चंद्राच्या स्थितीवरून रेखांश काढण्याची रीत अधिक योग्य वाटत होती. नेव्हिल मॅस्केलिन हे त्यांतले प्रमुख होते. १७६५ साली तेच राजज्योतिषी झाले. नव्या कायद्याने आणखी अटी आल्या. हॅरिसन यांनी तज्ज्ञांसमोर घड्याळ खोलून त्याचे सारे रहस्य सांगावे, तरच अर्धी रक्कम मिळेल, असे ठरले. त्या वृद्ध कारागिराने आपल्या घरी सहा जणांसमोर एच-४ चा एकेक भाग सुटा करून दाखवला. पुढे १७६६ साली मॅस्केलिन यांनी मंडळाच्या आदेशाने हॅरिसन यांची घड्याळे ताब्यात घेतली. नेताना एच-१ खाली पडले. तीस वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत गाडीतून धक्के खात निघून गेली. त्या बापाला काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पण हॅरिसन रडत बसले नाहीत. वयाच्या सत्तरीनंतर, अधू झालेल्या डोळ्यांनी, त्यांनी पाचवे घड्याळ बनवायला घेतले. ते १७७० साली पूर्ण झाले. शेवटी विल्यमने राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे दाद मागितली. १७७२ साली राजाने आपल्या खासगी वेधशाळेत स्वतः लक्ष घालून ते घड्याळ तपासले. सुरुवातीला घड्याळ भलतेच चुकू लागले. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की जवळच्या कपाटात लोहचुंबक ठेवलेले आहेत. ते दूर करताच घड्याळ सुरळीत चालू लागले. दहा आठवड्यांच्या परीक्षेत त्याची चूक दिवसाला एक तृतीयांश सेकंद इतकीच निघाली. १७७३ साली पार्लमेंटने हॅरिसन यांना ८,७५० पौंड दिले. कायद्यातले बक्षीस मात्र त्यांच्या नावाने कधीच जाहीर झाले नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, १७७६ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधीच एच-४ सारखे बनवलेले दुसरे घड्याळ घेऊन कॅप्टन जेम्स कुक जगप्रवास करून परतले होते आणि त्या घड्याळावर ते अतिशय खूश होते.

इथे चरित्र संपले असे तुम्हाला वाटेल. पण या गोष्टीचा दुसरा भाग अजून बाकी आहे. हॅरिसन यांची घड्याळे ग्रिनिचच्या वेधशाळेत पडून राहिली. ज्यांनी समुद्राला हरवले, त्यांना धूळ आणि गंज यांनी हरवले. पितळेवर हिरवा थर चढला. १९२० साली रूपर्ट गूल्ड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने ती पाहिली. तो घड्याळजी नव्हता. तरी त्याने ती घड्याळे दुरुस्त करण्याची परवानगी मागितली. त्याने एकेक भाग सोडवला, ब्रशने साफ केला, प्रत्येक भागाचे चित्र काढले आणि वह्यांमध्ये टिपणे लिहून ठेवली. एकट्या तिसऱ्या घड्याळाला सात वर्षे लागली. १९३३ साली त्याचे काम पूर्ण झाले आणि दोनशे वर्षांपूर्वीचे एच-१ पुन्हा चालू लागले.

आज ग्रिनिचच्या संग्रहालयात पहिली तीन घड्याळे चालू ठेवतात, कारण त्यांना तेल लागत नाही. चौथे मात्र मुद्दाम बंद ठेवतात. त्याला तेल लागते. चालू ठेवले तर तेल वारंवार बदलावे लागेल, ते खोलावे लागेल आणि त्याचे अनमोल भाग झिजतील.

मित्रांनो, तुमच्या आजोबांचे घड्याळ एच-४ च्याच कुळातले आहे. त्यालाही तेल लागते आणि तेही काही वर्षांत सुकते. म्हणून चावीचे घड्याळ तीन ते पाच वर्षांनी एकदा उघडून साफ करावे लागते. घड्याळजी आधी कमानीचा ताण सोडतो. मग चाके सुटी करून धुतो, ती ज्या छिद्रांत फिरतात ती लाकडाच्या टोकदार काडीने स्वच्छ करतो आणि सुईच्या टोकाने तेलाचा अगदी लहान थेंब सोडतो. थेंब मोठा झाला तर तेल पसरते आणि केसकमानीला लागले तर तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात. मग घड्याळ धावत सुटते. जवळ लोहचुंबक आल्यावरही असेच होऊ शकते. म्हणून असे घड्याळ स्पीकरवर किंवा मोबाइलच्या चुंबक असलेल्या कव्हराजवळ ठेवू नये. चावी रोज एकाच वेळी, सावकाश द्यावी आणि ती अडली की जोर करू नये. घड्याळाला पाण्यापासून जपावे.

आपल्या देशात १९६१ साली बेंगळुरू येथे एच.एम.टी.च्या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. वऱ्हाडातही कितीतरी शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि शेतकऱ्यांच्या मनगटांवर ती घड्याळे होती. २०१६ साली सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता त्या घड्याळांचे नवे सुटे भाग बनत नाहीत. जे आहे ते जपणारे हातच त्यांना जिवंत ठेवू शकतात. पण असे हातही कमी होत चालले आहेत.

म्हणून कपाटातले ते घड्याळ स्वतः उघडू नका. ते एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे घेऊन जा. तो काम करीत असताना गप्प बसून पाहा आणि मग आदराने प्रश्न विचारा. हॅरिसन यांनी जे निर्माण केले, ते गूल्डने सांभाळले नसते तर आज आपल्याला पाहायला मिळाले नसते. नवी वस्तू घडवणारा मोठा असतोच, पण घडलेली वस्तू जपणाराही तितकाच मोठा असतो. घड्याळ पुन्हा टिकटिक करू लागले, की ते आजोबांच्या हातात द्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा.